देखाव्याचे ऋण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती आणि पावसाची झड लागल्यामुळे आमच्या रायपूरच्या बिऱ्हाडी जमलेल्या चार स्नेह्यांना उठून जाता येत नव्हते. मुलांनी दूरचित्रवाणीवर एक इंग्रजी चित्रपट लावून दिला. न्यूयॉर्कमधील एका कंपनीत अधिकारपदावर असलेली तरुणी आयर्लंडमधील एका जुन्या किल्ल्याची जागा आपल्या कंपनीसाठी मिळवावी म्हणून तेथील गावात येते, गावकऱ्यांची मने वळविण्यासाठी तेथील विवाह-मेळ्यात उतरते, आणि मग व्हायचे तेच होते. ‘ॲज लक वुड हॅव इट’ हे त्याचे नाव. हॉलमार्क नावाच्या अमेरिकन वाहिनीने २०२१ साली तो दाखविला. या जातीचे प्रेमपट ही वाहिनी वर्षानुवर्षे काढीत आली आहे. हिरवीगार कुरणे, दगडी कुंपणे, समुद्रावर ओणवलेले कडे, आणि तेथे येऊन मन हरवून बसणारी शहरातील एक मुलगी, एवढ्या सामग्रीवर त्यांचा संसार चालतो.

चित्रपट संपला तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही म्हणाले, “इतकी हिरवळ आहे, त्या अर्थी चिखलही असलाच पाहिजे. तो कुठे गेला?” त्यावर माझी पत्नी म्हणाली, “दिवसभर फाइली उपसून आलेल्या माणसाला घरी बसून पुन्हा चिखल कशाला हवा, भाऊसाहेब?” सगळे हसले आणि विषय तेथेच संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. ज्या भूमीचे ओझे आपण उचलीत नाही, तिच्या सौंदर्याचा नुसता उपभोग घेण्यात काही दोष आहे काय, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मागे लागला. नोकरीनिमित्त परमुलखात आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जरा अधिकच जवळचा आहे, हे माझ्या ध्यानात येण्यास मात्र काही दिवस जावे लागले.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्रेम आणि निसर्ग यांची सांगड हॉलमार्कने घातलेली नाही. आपल्या परंपरेतील या जातीचे सर्वांत थोर काव्य म्हणजे मेघदूत, आणि त्याचा नायक तर आपल्याच वर्गातला. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल धन्याने त्या यक्षाला वर्षभरासाठी घरापासून दूर धाडले, म्हणजे शिक्षा म्हणून झालेली बदलीच ती. ज्या रामगिरीवर त्याने ते वर्ष काढले तो कोठला, याविषयी मतभेद आहेत. महामहोपाध्याय मिराशींनी तो मान नागपूरजवळच्या रामटेकला दिला, तर छत्तीसगढमधील रसिक सरगुजातील रामगढचा डोंगर दाखवितात. त्या वादात आपण न पडलेले बरे. परंतु त्या विरही यक्षाने मेघाला वाटेवरची जी स्थळे सांगितली, त्यांत एक सूक्ष्म गोष्ट आहे. त्याच्या दृष्टीने तो मेघ म्हणजे निरोप्या. तरीही खेड्यातील स्त्रिया त्याच मेघाकडे वेगळ्या आशेने पाहतात, कारण शेतातले पीक त्याच्यावर अवलंबून आहे, हे सांगण्यास तो विसरत नाही. स्वतःच्या दुःखात बुडालेल्या प्रेमिकालाही तो ढग आपल्या एकट्याच्या मालकीचा वाटत नाही. निसर्ग हा प्रेमाची पार्श्वभूमी झाला म्हणून काही बिघडत नाही. त्या निसर्गावर ज्यांचे पोट आहे त्यांना चित्रातून पुसून टाकले, की बिघडते. मला सापडलेली पहिली कसोटी ही.

या कसोटीवर ते आयरिश प्रेमपट घासून पाहावे म्हणून मी त्या देशाविषयी थोडे वाचन केले. हे चित्रपट मुख्यतः अमेरिकनांसाठी काढलेले असतात, आणि आपले पूर्वज आयर्लंडचे होते असे सांगणारे लोक अमेरिकेत तीन कोटींवर आहेत. एवढे आयरिश तेथे गेले कसे? १८४१ सालच्या शिरगणतीत त्या बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला व दुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली, तितकीच जहाजांत बसून देशोधडीला लागली, आणि १८५१ च्या शिरगणतीत पासष्ट लाखच उरली. पश्चिमेकडील मेयो परगण्याला याची झळ फार तीव्र लागली. त्या परगण्यात काँग नावाचे एक टुमदार गाव आहे. दुष्काळाच्या काळात तेथील दोन सरोवरे जोडण्यासाठी कालवा खोदण्याचे काम निघाले व उपाशी माणसांना त्यावर मजुरी मिळाली. पण तळाचा चुनखडीचा खडक सच्छिद्र निघाला, कालव्यात पाणी ठरेना, आणि १८५४ साली ते काम सोडून द्यावे लागले. तो कोरडा कालवा आजही तेथे आहे. हे मी आमच्या पाटबंधाऱ्यावाल्या स्नेह्यांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मजुरी तरी वेळेवर दिली असेल ना?”

याच काँग गावात व त्याच्या आसपास १९५१ साली जॉन फोर्ड या दिग्दर्शकाने ‘द क्वाएट मॅन’ हा चित्रपट घेतला. तो १९५२ साली पडद्यावर आला आणि आयर्लंडचे जे चित्र जगाच्या मनात ठसले ते बव्हंशी त्याने ठसविले. आज दूरचित्रवाणीवर येणारे प्रेमपट ही त्याचीच दूरची नातवंडे आहेत. फोर्डचे आईबाप आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून अमेरिकेत गेलेले, आणि चित्रपटाचा नायकही अमेरिकेतून परतून पूर्वजांची झोपडी विकत घेणारा. म्हणजे हे चित्र गावात राहिलेल्यांनी काढलेले नाही. सोडून गेलेल्यांच्या मुलाने ते काढले. पण एक फरक येथे नोंदविला पाहिजे. त्या चित्रपटातील नायिका लग्नानंतर आपल्या हुंड्यासाठी अडून बसते. नायकाला ते क्षुद्र वाटते. पैशाची त्याला गरजच काय? तिला मात्र तो पैसा आपल्या मानाचा व हक्काचा वाटतो, आणि अखेर नायकालाच तिच्या गावाची रीत शिकावी लागते. म्हणजे तेथे त्या भूमीने पाहुण्याला काही ऐकविले आहे. नातवंडांच्या काळात भूमी बोलेनाशी झाली. ती नुसती सुंदर राहिली.

आता रायपूरकडे वळतो. छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट १९६५ साली आला. मनु नायक यांनी काढलेल्या त्या चित्रपटाचे नाव ‘कहि देबे संदेस’, म्हणजे ‘निरोप सांग’. यक्षाच्या याचनेची आठवण व्हावी असेच ते नाव आहे. तोही प्रेमपटच. तोही खेड्यात, रायपूरपासून फार दूर नसलेल्या पलारी येथे, चित्रित झालेला. पलारीला देखाव्याची वाण नाही. तेथे बालसमुंद नावाचा विस्तीर्ण तलाव आहे आणि त्याच्या काठी सिद्धेश्वराचे विटांनी बांधलेले प्राचीन देऊळ आहे. महंमद रफींचा आवाजही त्या चित्रपटाला लाभला होता. गोड चित्रपट काढण्यास आणखी काय लागते? पण त्यातील तरुण सतनामी समाजाचा, आणि तरुणी ब्राह्मणाची. मग तो तलाव नुसता तलाव राहत नाही. त्याच्या कोणत्या घाटावर कोणी पाणी भरावे, कोणाच्या अंगणात कोणी पाऊल टाकावे, हे सारे त्या प्रेमकथेत येते. साहजिकच चित्रपटाला विरोध झाला. ज्यांना तो पाहून राग आला त्यांनी आपले गाव त्यात ओळखले होते, हे उघड आहे. हॉलमार्कच्या चित्रपटावर कोणा आयरिश खेडुताने इतके रागावल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रागवावे असे त्यात त्याचे काही नसतेच.

येथवर आलो तेव्हा मी स्वतःवर खूष होतो. गोड पण पोकळ चित्रपटांना दोषी ठरविण्याइतका पुरावा मी गोळा केला होता. तेवढ्यात राजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे आहे ते मला कळले.

आमचे तेथील घर चिऱ्याचे व कौलारू आहे. कर आकारणीच्या उताऱ्यावर भावाचे नाव आहे तसे माझेही आहे. गेली तीन वर्षे तो म्हणत होता की कौले काढून स्लॅब घालू, आणि तीन वर्षे मी संमती देत नव्हतो. पणजोबांचे घर, त्या कौलांवरून उतरणारे ऊन, पागोळ्यांची रांग, हे सारे सिमेंटखाली गाडायचे? रायपूरच्या उन्हाळ्यात मला जे घर आठवते ते तेच. माझ्या टेबलावरील चौकटीत तेच आहे. भाऊ दर वैशाखात कौले परततो, माकडे ती पुन्हा फोडतात, आणि आषाढात माझी भावजय माजघरात परात मांडते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण माझ्या चित्रात ती परात नव्हती.

त्या दिवशी भाऊ रागावला नव्हता. थकलेल्या आवाजात एवढेच म्हणाला, “दादा, तू गणपतीत चार दिवस येतोस, तुला ते घर बघायला हवं. आम्हाला त्यात राहायचं आहे. यंदा भाताची दोन पोती भिजली.”

मला त्या रात्री माधवराव सप्रे आठवले. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ साली याच रायपुरात देह ठेवला. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने त्या मुलखाचे ऋण कसे फेडावे याचा तो वस्तुपाठच आहे. त्यांच्या मासिकात १९०१ साली आलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील आरंभीच्या लघुकथांपैकी एक मानली जाते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार शेजारच्या गरीब विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवावेसे वाटते, आणि तो झोपडी बळकावतो. विधवा येऊन चूल घालण्यासाठी टोपलीभर माती मागते, आणि टोपली डोईवर देण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. ती टोपली त्याच्याने उचलत नाही. एका टोपलीचे हे ओझे, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा वाहाल, असे ती विचारते, आणि त्याचे डोळे उघडतात. जमीनदाराला झोपडी राहण्यासाठी नको होती. त्याच्या वाड्याचे आवार त्यामुळे शोभले असते, एवढेच. मीही कोणाची झोपडी बळकावली नव्हती. दुसऱ्याच्या राहत्या छपरावर माझ्या आठवणींचे आवार तेवढे वाढविले होते.

तेव्हा त्या प्रश्नाला मला सुचलेले उत्तर असे. दूरच्या भूमीचे सौंदर्य पाहून मन निवविण्यात पाप नाही. थकलेल्या माणसाने दोन तास हिरवळ पाहावी, माझ्या पत्नीचे म्हणणे त्यापुरते खरेच आहे. आठवणीतले घर सुंदर असावे यातही गैर नाही, नाहीतर परमुलखातील दिवस जायचे कसे? पण जे चित्र आपल्याला सुख देते ते कोणाच्या तरी श्रमाने टिकलेले असते. ते तसेच राहावे असा आग्रह धरण्याचा हक्क त्या श्रमात वाटा उचलल्याशिवाय मिळत नाही. चित्रपट पाहणारा निदान आग्रह तरी धरीत नाही, चित्रपट संपताच तो आयर्लंडला मोकळे सोडतो. आपण मात्र सोडलेल्या गावाला पत्रांतून आणि फोनवरून वर्षानुवर्षे त्याच वेषात उभे राहण्यास सांगत असतो. आणि ज्या गावी बदली होऊन आलो तेथे तळ्याकाठची शोभा पाहतो, घाट कोणाचा ते विचारीत नाही. रायपुरात मला अकरा वर्षे झाली. पलारीला मी यंदा प्रथम गेलो.

दुसऱ्या दिवशी मी संमतीचा कागद भावाकडे पाठविला, आणि निम्मा खर्च माझा असेही त्यात लिहिले. पावसाळा सरल्यावर स्लॅब पडला. गणपतीचे चार दिवस मी त्या घरात काढले ते त्याआधीचेच, आणि तेव्हा रात्री दोनदा उठून परात रिती करण्याचे काम मी मागून घेतले. नव्या घराचे छायाचित्र भावाने पाठविले आहे. खरे सांगायचे तर ते मला आवडलेले नाही. पण भात कोरडे आहे, असे भावजयीने कळविले आहे.