ओझे कोणाचे?

पहाडगंजातून मोटारसायकलीवर कचेरीस जाताना आम्ही काय काय बरोबर नेतो, याचा एकदा हिशेब मांडून पाहिला. डबा, पाण्याची बाटली, औषधे, रेनकोट, घरी आणलेली कचेरीची कागदपत्रे आणि 'असू द्यावा' म्हणून घेतलेला स्वेटर. यांत गरजेचे निम्मे; बाकीचे भयाचे. बदलीच्या नोकरीने ही सवय लावली, असे आम्ही स्वतःस समजावीत आलो.

परंतु परवा मेन बाजाराच्या वळणावर हँडलला अडकवलेली पिशवी टाकीशी अडली, हँडल पुरते वळेना, आणि आमचे चाक एका सायकलरिक्षावाल्याच्या पायाशी जाऊन थांबले. ओझे आमचे, धोका मात्र त्याचा!

अपरिग्रह म्हणजे स्वतःच्या आत्म्याचे कल्याण, एवढेच आम्ही जाणत होतो. रस्त्यावर तो शेजारधर्म ठरतो. गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्यापाशी एक गाडगे आणि एक खराटा असे. गाडगे स्वतःपुरते, खराटा गावासाठी.

मग उद्याची तरतूद करूच नये काय? अवश्य करावी, संसारी माणसाने बैराग्याचा आव आणू नये. मात्र जे न्यावयाचे ते मागे, सखल व घट्ट बांधावे, आणि प्रत्येक वस्तू उचलताना विचारावे, हिचा भार कोण सोसणार?

स्वेटर आम्ही घरी ठेवला. कागदपत्रे अद्याप पिशवीतच आहेत. रोज सायंकाळी त्यांचा भार घरची मंडळी सोसतात, हे ठाऊक असूनही.