आधी ती नवी स्टिक बाहेर काढ

बस खाली. मोबाइल खिशात ठेव आणि मधे बोलू नको.

सौंसरच्या ऑनलाइन सेंटरवाल्या भाऊंचा फोन आला होता. रॅम वाढवायला त्यांनी कॉम्प्युटर तुझ्याकडे पांढुर्ण्याला पाठवला. तुझं नाव मीच सुचवलं होतं, माझा विद्यार्थी म्हणून. चार जीबीच्या जोडीला तू आठची स्टिक घातलीस आणि दुसऱ्याच दिवसापासून निळी स्क्रीन. मग काय केलंस? अँटीव्हायरस बदललास. ड्रायव्हर बदललेस. नवा एसएमपीएस बसवून त्याचे पैसे लावलेस. शेवटी सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलंस. डेस्कटॉपवर काय ठेवलंय, एका शब्दानं विचारलंस? मूल निवासी, आय प्रमाणपत्रं, शेतकऱ्यांचे खसरे, सगळं स्कॅन करून तिथंच होतं. तेही ऐन ई-प्रवेशाच्या दिवसांत!

काऊन रे, हेच शिकवलं होतं तुला?

मशीन काल चालत होतं, आज चालत नाही. मधे एकच गोष्ट बदलली, आणि ती तुझ्या हातानं बदलली. पहिला संशय तिच्यावरच घ्यायचा. नवी स्टिक काढून जुन्या चार जीबीवर मशीन दिवसभर चालवून बघितलं असतंस, तर कोणाचा एक कागद गेला नसता. पण आपला हात तपासायचा म्हटलं की जिवावर येतं. त्यापेक्षा विंडोजला दोष देणं सोपं.

बरं, नवं विंडोज टाकलंस ते कोणत्या रॅमवर? त्याच! फाइल डिस्कवर जाते ती रॅममधून. तिथं एक बिट चुकला तर चूक तशीच डिस्कवर लिहिली जाते. म्हणजे तू टाकलेलं विंडोजही आता भरवशाचं राहिलं नाही. झिप उघडत नाही, पीडीएफ कधी उघडते कधी नाही, निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळाच एरर. असं दिसलं की आधी रॅम तपासायची, हे लॅबमध्ये फळ्यावर लिहून दिलं होतं. तुझ्या वहीत नसेल तर दोष फळ्याचा नाही.

स्टिक घालताना मेन स्विच बंद केला होतास? खरं सांग. शटडाउन केलं म्हणजे वीज गेली असं होत नाही. बटण चालू असेल तर एसएमपीएस बोर्डाला पाच व्होल्ट देतच राहतो, म्हणून तर कित्येक बोर्डांवर तो लहानसा दिवा जळत असतो. त्यात आपल्याकडची कोरडी हवा. हातातली स्थिर वीज चिपला मारते आणि तुला चटकासुद्धा जाणवत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच स्टिक धरायची.

आणि स्लॉटमध्ये बसली म्हणजे जुळली, हा तुमचा पोरांचा जुना गैरसमज. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून ती डीडीआर३च्या स्लॉटमध्ये जात नाही. एवढीच चूक ती खाच अडवते. पुढचं तुलाच बघावं लागतं. वेग वेगळे असले तर दोन्ही स्टिक सहसा कमी वेगावर चालतात, ते एक वेळ ठीक. पण एकेकट्या नीट चालणाऱ्या दोन स्टिक जोडीनं अडखळतात, असंही होतं. मागे एकाच्या मशीनमध्ये आठ जीबी घातली, दिसली साडेतीनच्या आसपास, तर तू स्टिक नकली ठरवून मोकळा झालास. ३२ बिटचं विंडोज ७ होतं ते! चार जीबीच्या वर ते वापरूच शकत नाही. दुकानदाराला उगाच बोल लावलास.

पांढुर्णा २०२३मध्ये जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. तरी खेड्यातल्या माणसाचा कागद अजून त्या सेंटरच्या काउंटरवरूनच निघतो. एखाद्या पोरीचा फॉर्म तारखेत भरला गेला नाही तर तिचं वर्ष जातं. तुझ्या दृष्टीनं तो एक पीसी आहे, म्हणून मला राग येतो.

आता नीट ऐक. त्या डिस्कवर यापुढे एक अक्षरही लिहायचं नाही, ती काढेपर्यंत मशीन चालूही करायचं नाही. नुसत्या क्विक फॉरमॅटनं जुना डेटा जागेवरून पुसला जात नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की जातो, आणि तू विंडोज टाकून थोडा घालवलाच आहेस. साधी हार्डडिस्क आहे, एसएसडी नाही, म्हणून आशा आहे. डिस्क काढ, दुसऱ्या मशीनला जोड आणि रिकव्हरी त्या मशीनच्या डिस्कवर घे. तुला जमलं नाही तर नागपूरला ने; खर्च तुझा.

रॅमची टेस्ट आज रात्री लावायची. आधी नवी एकटी, मग जुनी एकटी, मग दोन्ही मिळून, आणि स्लॉट बदलूनसुद्धा. एक जरी एरर आला तरी ती स्टिक परत, "थोडंसं चालतं" हे ऐकून घेणार नाही. एसएमपीएसचे पैसे भाऊंना परत दे, आणि सौंसरला स्वतः जाऊन दे, फोनवर नाही. काय झालं ते त्यांच्यासमोर सांग. मेमटेस्टचा पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात आहे, घे आणि ऊठ.