पुण्याची वही



फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणच्या वाटा दिंड्यांनीं भरून जातात. गोदावरींत स्नान केलें म्हणजे पुण्य पदरीं पडतें, असा यात्रेकरूंपैकीं पुष्कळांचा भाव असतो. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील आम्हां खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती लोकांनीं आधीं आपलेंच घर पाहावें हें बरें. जुनी वही मिटली खरी, पण येशूच्या नांवानें आपण दुसरी उघडली नाहीं ना? उपासनेस कितीदां गेलों, मंडळीस किती ज्वारी दिली, ह्याचा हिशेब पुष्कळ घरीं चालतो. ज्या वर्षीं पाऊस दडी मारतो त्या वर्षीं ही वही कोरी राहते. आणि मग एखादा मजूर बंधु, "यंदा माझ्या हातून देवाला कांहींच पोहोंचलें नाहीं," असें म्हणून प्रभुभोजनाच्या दिवशीं दाराजवळच बसून राहतो. त्याची ही समजूत खरी मानावी काय?

पंडिता रमाबाईंची हकीकत येथें उपयोगी पडेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं तीर्थयात्रा व दानधर्म ह्यांत आपली संपत्ति खर्चिली; शेवटीं दुष्काळांत रमाबाईंचीं आईबापें उपासमारीनें निवर्तलीं. सन १८८३ त रमाबाईंचा इंग्लंडांत बाप्तिस्मा झाला. तरी पुढें त्यांनींच लिहून ठेविलें आहे कीं, त्यानंतर आठ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ह्या अवधींत त्या स्वस्थ बसल्या होत्या काय? विधवांसाठीं शारदासदन त्यांनीं १८८९ तच काढिलें होतें. एवढें मोठें सत्कर्म हातीं असूनहि मनास शांति नव्हती! ती विश्वासानें मिळाली. आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों मुली व विधवा आणून सांभाळिल्या. कर्म थांबलें नाहीं, उलट वाढलें. मात्र तें आतां तारणाची किंमत म्हणून राहिलें नव्हतें.

कोणी म्हणेल, पौल व याकोब ह्यांत विरोध आहे. मार्टिन लूथरनें तर १५२२ त याकोबाच्या पत्रास पेंढ्याची उपमा दिली. आमच्या मतें ही त्याची घाई झाली. दोघेहि अब्राहामाचेंच उदाहरण घेतात. पण पौलाची दृष्टि उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायाकडे आहे, जेथें अब्राहामानें केवळ वचन ऐकून विश्वास ठेविला. आणि याकोबाची २२ व्या अध्यायाकडे, जेथें तो इसहाकास अर्पावयास निघाला. मध्यें कित्येक वर्षें गेलीं. पौल पेरणी सांगतो, याकोब खळें दाखवितो. हाच याकोब पांचव्या अध्यायांत मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवानांस खडसावितो. तेव्हां गड्याची मजुरी बुडवून "माझा विश्वास आहे" असें म्हणणाऱ्यानें त्या पत्राचें तेवढें पान अवश्य वाचावें.

दाराजवळ बसलेल्या बंधूस मात्र उपदेशकानें वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट सांगावी. त्याला ना बाप्तिस्मा घडला, ना दान. हातपाय तर जखडलेले. तोंड तेवढें मोकळें होतें. त्या तोंडानें त्यानें निंदा करणाऱ्या सोबत्यास दटाविलें, आणि मग प्रभूपाशीं एवढेंच मागितलें कीं, माझी आठवण ठेव. सुखलोकाचें वचन त्यास त्याच दिवसाचें मिळालें.