उणीव झाकणे आणि उणीव भरणे

घरातील कर्ते माणूस अंथरुणास खिळले, आणि तरीही चूल वेळेवर पेटत राहिली, मुले शाळेत जात राहिली, आल्यागेल्याचा पाहुणचार चुकला नाही, म्हणजे शेजारीपाजारी त्या घराची वाखाणणी करतात. आम्हीही करतो. परंतु आजाऱ्याच्या वाट्याचे काम कोणी अंगावर घेतले आहे आणि ते त्यास किती दिवस पेलेल, हे विचारण्याचे भान वाखाणणी करणारांस सहसा राहत नाही. काही अडलेच नाही, तर चौकशी तरी कशाची करावयाची? उणीव झाकली जाणे म्हणजे ती भरून निघणे नव्हे, ही गोष्ट ऐकावयास अगदी साधी आहे. पण आम्हांस ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही एका यंत्राकडून शिकावी लागली.

तिवसा येथील एका संस्थेत आमच्या विद्यार्थ्यांनी आणलेला एक संग्रह ठेवलेला आहे. तालुक्यातील खेड्यांतून हिंडून, वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. घरोघरचे जाते केव्हाच कोपऱ्यात गेले. ओव्या मात्र त्या बायांच्या कंठात राहिल्या होत्या. हे सारे ध्वनिमुद्रण चार डिस्कच्या एका संचात साठविले होते. एके दिवशी काही कामानिमित्त त्याचे कपाट उघडले, तो एका डिस्कवरचा दिवा तांबडा झालेला दिसला. यंत्राने ठेवलेली नोंद वाचली, तेव्हा कळले की ती डिस्क निकामी होऊन दोन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. त्या दोन महिन्यांत आम्ही त्याच संचातून ओव्या ऐकत होतो आणि वर्गात ऐकवीत होतो. एक अक्षरही कमी पडले नव्हते.

हे कसे घडते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी असे मांडले की, एका मोठ्या व महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्या. त्यात अडचण उघड होती. डिस्क जितक्या अधिक, तितकी त्यांपैकी एखादी बिघडण्याची भीतीही अधिक. त्यावरचा उपाय कोणाही हिशेबी गृहस्थास समजेल असा आहे. तीन भावांच्या खर्चाच्या तीन वह्या आहेत आणि चौथ्या वहीत रोजची एकूण बेरीज मांडली आहे, असे समजा. तिघांपैकी कोणाचीही वही हरवली, तरी बेरजेतून उरलेल्या दोघांचे आकडे वजा केले की हरवलेले आकडे परत हाती येतात. यंत्र बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवते, तत्त्व तेच. शिवाय चांगल्या रचनेत हा हिशेब एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर थोडाथोडा वाटून दिलेला असतो. कोणी एकटा रक्षक नाही. प्रत्येकजण आपले सांभाळतो आणि इतरांची आठवणही थोडी बाळगतो.

ही योजना पाहून आमचे मन प्रसन्न झाले, हे कबूल केले पाहिजे. परंतु तिची दुसरी बाजू त्याच आठवड्यात दिसली. एक डिस्क गेल्यावर तिच्यावरचे काही मागितले, की उरलेल्या सर्व डिस्क वाचून ते दर वेळी नव्याने काढावे लागते. मागणाऱ्यास ओवी पूर्वीसारखीच ऐकू येते. श्रम मात्र इतरांस पडतात, आणि आता त्यांच्या पाठीशी कोणी उरलेले नसते. निकामी डिस्क काढून तिच्या जागी नवी कोरी घातली, म्हणजे खरी कसोटी सुरू होते. नवीवर जुने लिहून काढण्यासाठी उरलेल्या साऱ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्यास कित्येक तास, संच मोठा असल्यास कित्येक दिवसही लागतात. त्या अवधीत दुसरी डिस्क गेली, तर सर्वस्व जाते. ज्या भागास वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नसतो, तो मधल्या काळात वाचण्याजोगा उरला नाही, हेही बहुधा तेव्हाच उमगते.

आमच्या बाबतीत हेच झाले. अमरावतीहून आलेल्या तरुण तंत्रज्ञाने आपले काम चोख केले. परंतु उरलेल्या तिघींपैकी एकीचे काही भाग वाचताच येईनात. बहुतेक संग्रह परत उभा राहिला. काही ओव्या गेल्या. त्यांची वेगळी प्रत अन्यत्र नव्हती. ती ठेवण्याची सूचना पूर्वी आली असता, “एवढा संच आहे, मग प्रत कशाला?” असे आम्हीच म्हणालो होतो.

येथे कोणी म्हणेल की, दोष यंत्राचा. त्याने आपली व्यथा लपविली. आम्हांस हे मान्य नाही. यंत्राने दिवा लावला होता. कपाट बंद होते, आणि ते आम्हीच बंद ठेवले होते. त्याची सेवा अखंड चालली, हाच त्याच्या आरोग्याचा पुरावा असे आम्ही धरून चाललो. दुसऱ्याने आपल्या वाट्याचा भार उचलून आपणांस जी सवड दिली, ती वस्तुतः मुदत होती. आम्ही तिला माफी समजलो. संस्थांत, घरांत आणि एकंदर समाजातही हीच चूक नित्य घडते. एका शिक्षकाची जागा रिकामी राहते, उरलेले दोघे तिघांचे तास घेतात, निकाल चांगला लागतो. आणि निकाल चांगला लागला, म्हणूनच ती जागा भरली जात नाही. अशा ठिकाणी चांगुलपणाच अन्यायास आधार देतो. म्हणून ज्यांस त्या चांगुलपणाचा लाभ होतो, त्यांच्यावर कपाट उघडून पाहण्याचे कर्तव्य येते. जो भार वाहतो, त्याने ओरडावे अशी वाट पाहणे न्यायाचे नव्हे.

आता दुसरा प्रश्न. जे परत उभे केले, ते पूर्वीचेच काय? थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सवासी एकेक करून बदलीत गेले. तेव्हा ते जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्वज्ञांत वाद होत असे, असे प्लूटार्क सांगतो. डिस्कच्या बाबतीत हा वाद लवकर मिटतो. जे अचूक परत आले, ते तेच. मूळ धातूची तबकडी गेल्याचे दुःख कोणी करीत नाही. पण गेलेल्या ओव्यांचे काय करावयाचे? त्यांतील काही बाया आता हयात नाहीत. आमच्या विद्यार्थिनी पुन्हा त्या गावी गेल्या. दोन ओव्या एका नातीच्या मोबाइलमध्ये सापडल्या. बाकीच्या लेकी-सुनांनी आठवून म्हटल्या. चाल तीच, शब्द मात्र कोठेकोठे निराळे. एक सून म्हणाली, “सासूबाई असं म्हनत होत्या का तसं, ते नेमकं नाही सांगता येत, पन म्या असंच ऐकलं.” ही ओवी जुन्या नावाखाली, जुन्या जागी मुकाट्याने ठेवून द्यावी काय? संग्रह तर पूर्ण दिसला असता.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपुराने दिले. श्रीचक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी तेथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांकडून आठवणी मिळवून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याची मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांस तो ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. स्मरणे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. परंतु त्या पंथाने पाठभेद पुसून टाकले नाहीत. जेथे दुसऱ्याचे स्मरण निराळे, तेथे ‘वासना’ म्हणून ते नोंदवून ठेवले. ग्रंथ वाचला, आणि तो मधे एकदा हरवला होता ही खूणही त्याच्या अंगावर राहिली. आम्हांस यात स्मरणशक्तीपेक्षाही प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

आम्ही तसेच केले. नव्याने मिळालेल्या प्रत्येक ओवीपुढे ती कोणाच्या तोंडून, कोणाच्या आठवणीने व केव्हा मिळाली, हे लिहिले आहे. जेथे काहीच मिळाले नाही, तेथे जागा रिकामी ठेवून त्या बाईचे व तिच्या गावाचे नाव तेवढे लिहिले आहे. संग्रहाची एक प्रत आता दुसऱ्या गावी असते. महिन्यातून एकदा सारा संच आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तपासला जातो, आणि कपाटाचे दार काढून टाकले आहे.

राहता राहिले ते घर. आमच्या येथेही गेली काही वर्षे सारे सुरळीत चालले आहे. ते कोणाच्या बळावर, हे विचारण्यास आम्ही अलीकडे आरंभ केला आहे.