उपवास माझा, किंमत कोणी मोजली?

आजचा शास्त्रभाग : यशया 58:1-9



गेल्या वर्षी उपवासकाळासाठी मी चहा सोडला. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्या माणसाला हे सोपं नव्हतं. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, रोज रात्री एक टिक मारायची. राखेचा बुधवार ते पवित्र शनिवार एकूण 46 दिवस. त्यातले 6 रविवार पुनरुत्थानाचे, ते उपवासात धरत नाहीत. उरले 40. इंजिनिअर असल्यामुळे हिशेब आधीच पक्का!

तिसरा दिवस, शुक्रवार. सकाळपासून डोकं ठणकत होतं. मीटिंगमध्ये टीममधल्या नव्या मुलाची एक चूक समोर आली. घाईत त्याची टेस्ट चालवायची राहून गेली होती. दहा मिनिटांत दुरुस्त होणारी गोष्ट. पण मी त्याला सगळ्यांसमोर असं झापलं की तो नंतर एक शब्द बोलला नाही. दुपारी जेवायलाही आला नाही. रात्री मी शांतपणे अ‍ॅप उघडलं आणि तिसरी टिक मारली.

मग त्या दिवसाचं वाचन काढलं. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सेत यशयाचा 58 वा अध्याय वाचतात. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो आणि तू बघतही नाहीस. त्यावर देव त्यांना दाखवून देतो की उपासाच्याच दिवशी ते आपल्या कामकऱ्यांना पिळतात, भांडतात, हात उगारतात.

वाचता वाचता थांबलो. त्या दिवशी उपाशी राहिला तो मुलगा, आणि टिक मात्र माझ्या नावावर.

कोणी म्हणेल, मग सरळ चहा पिऊन गोड वागावं की! एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, मलाही पडला. पण माझा राग चहा सोडल्यामुळे जन्माला आला नव्हता. तो आधीपासून आत होता, चहा त्यावर झाकण ठेवत होता. एरर दडवणारी ओळ कोडमधून काढली की प्रोग्राम कोसळतो, पण बग त्या आधीचाच असतो. उपवास आपल्याला आपलं खरं रूप दाखवतो, म्हणून तो हवाच. फक्त जे दिसलं त्याची किंमत मी मोजायची, शेजारच्याने नाही. डोकेदुखी हे माझ्या वागण्याचं कारण असेल, पण ती सबब होऊ शकत नाही.

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ख्रिस्ती ग्रंथात उपवासाची एक रीत सांगितली आहे. त्या दिवशी जे जेवणार होतो त्याचा खर्च काढायचा आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचे. म्हणजे झळ मला, लाभ दुसऱ्याला. माझा हिशेब नेमका उलटा झाला होता.

सोमवारी त्याच मीटिंगमध्ये मी त्या मुलाची माफी मागितली. बाजूला नेऊन मागणं सोपं होतं, पण अपमान चारचौघांत केला होता. चहा सोडण्यापेक्षा ते कितीतरी जड गेलं. तो एवढंच म्हणाला, “ठीक आहे, सर.” पूर्वीसारखा मोकळा व्हायला त्याला बरेच दिवस लागले, आणि ते दिवस त्याला देणं हाही माझ्या उपवासाचाच भाग होता.

चहा मी ईस्टरपर्यंत घेतला नाही. वाचलेले पैसे एका गरजू घरी दिले. अ‍ॅप मात्र काढून टाकलं. आता रोज रात्री स्वतःला एकच विचारतो, आज माझ्या उपवासाची किंमत कोणी मोजली?

यंदा तुम्ही इन्स्टा सोडलं असेल, नॉनव्हेज सोडलं असेल. छानच! पण घरी आईला, बायकोला, स्वयंपाकाच्या मावशींना एकदा विचारून बघा, माझा उपवास तुम्हाला जड तर जात नाही ना?

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या उपवासाचा भार माझ्याच खांद्यावर राहू दे आणि त्याचं फळ माझ्या शेजाऱ्याच्या पदरात पडू दे. ज्यांना मी दुखावलं, त्यांच्याकडे जायचं धैर्य मला दे. आमेन.