रजिस्टर भरलं, पोट्ट्यांचं काय?

ते मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवू नको. पाहिलं मी ते. जुलैपासून मार्चपर्यंतच्या नोंदी एका पेननं, एका बैठकीत उरकल्या आहेत. पानापानावर तेच वाक्य, 'विद्यार्थ्यास अभ्यासाविषयी मार्गदर्शन केले.' कोणत्या अभ्यासाविषयी? त्या पोट्ट्याला कॉस्टिंग जड जातं की इंग्रजी? तो रोज मूर्तिजापूरहून गाडीनं येतो की खोली करून राहतो? सकाळी पेपर टाकतो आणि संध्याकाळी कापडाच्या दुकानात उभा असतो, हे तुला माहीत आहे? तुझ्या यादीतल्या एका, फक्त एका पोट्ट्याविषयी चार वाक्यं सांग. रजिस्टर न उघडता सांग.

नाही ना सांगता येत? मग समन्वयक कशाचा तू?

दुसऱ्या कुणाला मी एवढं बोललो नसतो. ज्याला समजच नाही त्याच्यापुढे डोकं कशाला आपटायचं? पण तुला समजतं. सारं समजतं. घरातला पहिला पदवीधर तू. अर्जातल्या एका चुकीनं वर्षाची शिष्यवृत्ती अडकली की घरात काय होतं, ते तुला कुणी शिकवायची गरज नाही. विद्यार्थी होतास तेव्हा वर्गातल्या अर्ध्या पोट्ट्यांचे फॉर्म तूच भरून देत होतास. तेव्हा तुला पद नव्हतं, खोली नव्हती, दारावर पाटी नव्हती. आता तिन्ही आहेत. आणि पोट्टे तुझ्या दारावरून पुढे जाऊन नेट कॅफेवाल्याला विचारतात, मायनर कोणतं घेऊ म्हणून. लाज वाटली पाहिजे, गड्या.

'सर, मी ग्रुपवर टाकलं होतं.' हे तुझं पहिलं पांघरूण. ग्रुपवर टाकणं म्हणजे सांगणं नव्हे. विद्यापीठाचं लांबलचक परिपत्रक, इंग्रजीतलं, रात्री अकराला ढकललंस आणि हात झटकलेस. कुणी उघडलं? उघडलं त्याला कळलं? ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो बापाच्या खिशात वावरात जातो, त्याचं काय? निळ्या खुणा दिसल्या, काम झालं, अशी तू स्वतःचीच समजूत घातलीस.

'पोट्टे भेटायलाच येत नाहीत.' कसे येतील? तुझी भेटीची वेळ चार ते पाच. दर्यापूरची, चांदूर बाजारची एसटी त्यांना त्याआधी धरायची असते. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला आला की अर्धा वर्ग वावरात असतो, हे वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला सांगावं लागतं? तू हजेरीपत्रकावर लाल फुली मारलीस. घरी फोन लावलास का? एकदा तरी?

'वर्कलोड आहे, जागा रिकाम्या आहेत, त्यात नॅक.' आहेत. अर्धा विभाग तासिका तत्त्वावरच्या पोरांच्या जिवावर चालतो, हेही खरं. पण त्याच पोरांच्या गळ्यात तू साठ-साठ विद्यार्थी घातलेस. ज्यांची नोकरी पुढच्या जूनमध्ये राहील की नाही याचाच पत्ता नाही, त्यांनी तीन वर्षं एका विद्यार्थ्याचा हात धरायचा? आणि पूर्ण पगारी ज्येष्ठांच्या नावापुढे पंधरा. का रे? त्यांना सांगायची छाती झाली नाही. त्याला वर्कलोड म्हणू नको. ती भीड आहे, आणि तुझ्या भिडेची किंमत पोट्टे मोजतात. याद्या वाटायला कारकून पुरतो. समन्वयक लागतो तो हेच नको असलेलं बोलणं बोलायला: सर, यापुढे तुमचे चाळीस विद्यार्थी, त्यातले सहा नापास, त्यांच्याशी कधी बोलणार ते सांगा.

कॉलेजचं मूल्यांकन करताना नॅक मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारते. प्रमाण काढायला भागाकार पुरतो. तू भागाकार केलास आणि तिथेच थांबलास. यादी रोल नंबरनं तोडलीस. कोण कुणाला ओळखतो, कुणाचं गाव कुठलं, कोणती पोरगी कोणत्या मॅडमशी मोकळं बोलते, काही पाहिलं नाहीस.

आणि झोपायला वेळ कोणती निवडलीस! पूर्वी बीकॉमचा विद्यार्थी ठरलेले पेपर ठरलेल्या क्रमानं द्यायचा. सल्लागार झोपला तरी गाडी चुकत नव्हती. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, ओजेटी. तेल्हाऱ्याच्या, अंजनगावच्या पोरीच्या हाती आपण ही अक्षरं ठेवली आणि म्हटलं, निवड. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. ते का, हे तिला कुणी सांगितलं? हिशेबाच्या पलीकडचं काहीतरी तिच्या कानावर पडावं, तिची नजर मोठी व्हावी, म्हणून ती तरतूद आहे. आपण ज्या विषयाचा मास्तर रिकामा होता तो विषय सबंध वर्गाला दिला आणि संमतीच्या रकान्यात सह्या घेतल्या. तिनं निवडलं, असं तू वर लिहून पाठवलंस. खोटं लिहिलंस.

चौथ्या वर्षाच्या 'ऑनर्स विथ रिसर्च'ला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. हिशेब पहिल्या सत्रापासून सुरू होतो. तू तो पाचव्या सत्रात सांगणार? बरं, ते सोड. सीएचं घे. कॉमर्सच्या पदवीला किमान 55 टक्के असले की फाउंडेशनची परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. सीएच्या संस्थेची शाखा अमरावतीतही आहे, अकोल्यातही आहे. माहिती विचारायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, रिक्षानं जाता येतं. 53 टक्क्यांवर पदवी घेऊन जो पोरगा तुझ्या टेबलापुढे उभा राहिला, त्याला दुसऱ्या वर्षाला असताना हे कुणी सांगितलं असतं तर? दोन टक्के, लेका. दोन टक्के त्यानं दातओठ खाऊन काढले असते. आता तो अभ्यासिकेत बसून तलाठी भरतीची जाहिरात कधी येते ते पाहत असतो. त्याला तलाठी व्हायचं होतं? नाही. दुसरी वाट कुणी दाखवलीच नाही, म्हणून जिकडे गर्दी दिसली तिकडे गेला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. ठरवून जाणारा वेगळा. ढकलला गेलेला वेगळा. तुझ्या विभागातले बहुतेक ढकलले गेलेले आहेत.

ओजेटीबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाबद्दल, तर माझं डोकंच फिरतं. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिल्स आहेत. जिनिंग-प्रेसिंग आहे. नांदगाव पेठेत कापडाचे कारखाने आहेत, घाऊक कापडबाजार आहे. तूर मिलमध्ये शिरते तेव्हापासून डाळ होऊन पोत्यात बसेपर्यंत ओलावा, तूट, भाव, उधारी, हमाली, वाहतूक, एवढं व्यवस्थापन एका छपराखाली पाहायला मिळतं. तू एका तरी मिलमालकाकडे गेलास? चार पोट्टे महिनाभर ठेवून घ्या, त्यांना गेटवर उभं करू नका, खरेदीच्या टेबलाजवळ बसवा, असं बोललास? नाही. पोट्टे मामाच्या किराणा दुकानाचा शिक्का मारून कागद आणतात आणि तू सही करतोस. खोटं आहे हे तुला माहीत, त्याला माहीत, मामालाही माहीत. वीस वर्षांच्या पोराला तू त्या दिवशी शिकवलंस काय? शिक्का असला की काम न करताही चालतं, हे शिकवलंस. कॉस्टिंग तो विसरेल. हे नाही विसरणार.

आपलं विद्यापीठ 1983 चं. पुढे त्याला गाडगेबाबांचं नाव दिलं. ते काय लेटरहेडवर छापायला? बाबा कीर्तनात काय करायचे, सांग. प्रश्न विचारायचे. समोरच्या गर्दीला विचारायचे आणि उत्तर तिच्याच तोंडून काढायचे. कर्ज काढून सण कशाला, लेकरं शाळेत का नाहीत, दारू कुणाच्या पैशानं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस हजारोंना आपापल्या संसाराचा हिशेब मांडायला लावत होता. तू पीएच.डी. केलीस. एका पोरीला समोर बसवून 'तुला काय करायचं आहे आणि अडतंय कुठे' एवढा एक प्रश्न विचारायला तुझ्याकडे वीस मिनिटं नाहीत. तू सूचना देतोस. सूचना फलकावरही असतात.

अमेरिकेत या कामाला वेगळी पगारी माणसं असतात, 1979 पासून त्यांची संघटना आहे, हे मला सांगू नको, ठाऊक आहे. तिथल्याच बर्न्स क्रुकस्टननं 1972 मध्ये लिहून ठेवलं की विद्यार्थ्याला सल्ला देणं हे शिकवण्याचंच काम आहे, नुसती चिठ्ठी लिहून देण्याचं नाही. शिकवण्याचा पगार तुला मिळतो ना? मग झालं.

आता पैशाचं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच वर्षी बीबीए, बीएमएसला सीईटी लागली. पोरीनं सीईटीचा अर्जच भरला नाही, संस्थास्तरावर प्रवेश घेतला, तर सवलत हुकते. ही गोष्ट तिच्या कानावर जानेवारीत, बारावीच्या वर्गात पडायला हवी. ऑगस्टमध्ये फीच्या खिडकीपाशी नाही. तू ज्युनिअर कॉलेजात गेलास का सांगायला? एकाच आवारात आहे, मधे फक्त सायकल स्टँड आहे. शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे अर्ज तुमच्याच लॉगिनला पडून राहतात, एका रकान्यासाठी परत जातात, पोट्ट्याला ते कळतसुद्धा नाही. लिपिकाकडे बोट दाखवू नको. लिपिकापाशी दर आठवड्याला जाऊन उभं राहायचं कुणी?

पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्याची लेकरं शिकावीत म्हणून. ती लेकरं आता दारातून आत आली आहेत. आत येऊन हरवतात. हरवू न देणं हे तुझं काम आहे, आणि ते करायची अक्कल तुझ्याएवढी त्या अख्ख्या स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाला नाही. म्हणून तर राग येतो. बिनडोक माणूस त्या खुर्चीत असता तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो.

मागच्या वर्षी लग्न होऊन गेलेली ती पोरगी आठवते? 2024 च्या बॅचची. पहिल्या वर्षाची चाळीस क्रेडिट्स तिनं पहिल्याच फटक्यात काढली होती, एकही विषय मागे नव्हता. आणखी चार क्रेडिट्सचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली असती तर तिच्या हाती सर्टिफिकेट असतं. कुणी सांगितलं नाही. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सात वर्षांत पदवी पुरी करता येते, हेही कुणी सांगितलं नाही. तिला वाटतं, शिक्षण संपलं. तिच्या सासरच्यांनाही तेच वाटतं. तू तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलंस.

तर आता ऐक. याद्या फाड आणि नव्यानं कर, ज्येष्ठांपासून सुरुवात कर. तासिका तत्त्वावरच्यांचं ओझं उतरव. भेटीची वेळ सकाळी अकराला आण. पहिल्या सत्रात नापास झालेल्या प्रत्येकाला या महिन्यात समोर बसव, आणि तू कमी बोल. डाळमिलवाल्यांकडे स्वतः जा. मामाच्या शिक्क्यावर सही बंद. प्राचार्य काय म्हणतील, त्याची काळजी मी करतो; बोलायला लागलं तर मी येईन तुझ्यासोबत.

आणि हे सगळं सोमवारपासून. फोन मात्र आजच. त्या पोरीचा नंबर प्रवेश अर्जावर आहे, तिच्या माहेरचाही आहे. तिची तीन वर्षं 2028 मध्ये संपतात. लाव.