नाही म्हणणारा कॅमेरा

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. मुले हसतात, मीही हसतो आणि फळ्यावर अर्थ लिहून पुढच्या म्हणीकडे वळतो. यंदा मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण म्हशीनं कुठं कबूल केलं होतं पारडी देईन म्हणून?" वर्ग खो खो हसला. मला उत्तर सुचेना. तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो.

भरवसा आपण ठेवायचा, आपल्या सोयीने ठेवायचा, आणि तो मोडला की अपराध म्हशीच्या माथी मारायचा, हे कोणत्या न्यायात बसते? हा प्रश्न माझ्या घरातल्या दोन कॅमेऱ्यांनी मला फार पूर्वी घातला होता. त्या मुलीने त्याची आठवण करून दिली, एवढेच.

पहिला कॅमेरा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ऑलिम्पस ट्रिप ३५. जपानात तो १९६७ साली निघाला आणि पुढे १९८४ पर्यंत निघत राहिला. माझ्या मामाने १९८२ साली बहरीनहून येताना तो आणला. मुठीत मावणारा, पण हातात घेतला की लोखंडी वजनासारखा भरीव. त्याला बॅटरी नाही. भिंगाभोवती पोळ्याच्या घरांसारखी दिसणारी एक कडी आहे आणि तिच्यामागे सेलेनियम बसवलेले आहे. उजेड पडला की सेलेनियममध्ये अगदी क्षीण वीज उत्पन्न होते आणि त्या विजेने आतला काटा सरकतो. आपण बटण दाबले की कॅमेरा तो काटा जागच्या जागी चिमटीत धरतो आणि तो कुठे होता यावरून भिंगाचे तोंड किती उघडायचे ते ठरवतो. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा दोनशेवा भाग आणि चाळिसावा भाग. अंतरासाठी चार चित्रे काढलेली: एक माणूस, दोन माणसे, घोळका आणि डोंगर. आमच्या आजीलासुद्धा हा हिशेब कळत असे.

पण त्याचा खरा स्वभाव कळायचा तो संध्याकाळी. उजेड कमी पडला की काटा हलत नाही. मग बटण अर्ध्यावर अडते आणि पाहायच्या खिडकीत खालून एक लाल झेंडी वर येते. फोटो निघत नाही आणि रीळही वाया जात नाही. छत्तीस फोटोंचे रीळ ज्या घरात गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचे, त्या घराला याची किंमत ठाऊक असते. वेगळा फ्लॅश लावायची सोय होती. आमच्याकडे फ्लॅश नव्हता. अण्णा त्या कॅमेऱ्याला 'हेडमास्तर' म्हणत. लग्नकार्यात सगळे गोतावळे पाटावर बसवून, मुलांना दटावून, अण्णांनी डोळा लावावा आणि मग कॅमेरा खाली घेऊन म्हणावे, "हेडमास्तर नाही म्हणतायत. अंगणात चला." आणि सगळे वऱ्हाड हसत हसत अंगणात!

दुसरा कॅमेरा माझा. १९९९ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, तीन पगारांतून पैसे बाजूला काढून घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. चांगल्या नावाचीच होती. रीळ तोच ओढायचा, अंतर तोच मोजायचा, अंधार असला तर फ्लॅश तोच उडवायचा, आणि रीळ संपले की आपणहून गुंडाळून ठेवायचा. 'तुम्ही फक्त बटण दाबा, उरलेले आम्ही पाहून घेऊ' अशा अर्थाची ग्वाही अमेरिकेत ईस्टमनने १८८८ सालीच आपल्या गिऱ्हाइकांना दिली होती. ती पुरती पाळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७७ साली कोनिकाने आपणहून अंतर जुळवणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. १९८६ साली फूजीने जपानात एकदा वापरून परत द्यायचा कॅमेरा काढला. त्याचे नावच मुळी 'फोटो निघतो बरं का' अशा अर्थाचे होते. नावातच हमी!

माझा कॅमेराही कधी नाही म्हणत नसे. देवघरात, मांडवात, रात्रीच्या बसमध्ये, कुठेही बटण दाबा: खट्, लख्ख आणि पुढे सर्रर्र असा रीळ सरकल्याचा आवाज. सात वर्षे त्याने मला निराश केले नाही. ट्रिप कपाटात गेला.

आता २००६ च्या दिवाळीकडे येतो.

आईचे दुखणे तोवर हाताबाहेर गेले होते. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते. तिला आम्ही सांगितले नव्हते. नरक चतुर्दशीच्या पहाटे तिने हट्ट धरला की मी पाटावर बसणार. सुमनने, माझ्या धाकट्या बहिणीने, तिला तेल लावले, उटणे लावले. नंतर हिरवे लुगडे नेसवून तिला ओसरीत बसवले. समोर पणत्यांची रांग. आईचा चेहरा त्या उजेडात असा दिसत होता की अण्णा काही न बोलता आत गेले आणि कपाटातून ट्रिप घेऊन आले. रीळ भरलेलेच होते. त्यांनी डोळा लावला, बटण दाबले आणि कॅमेरा खाली केला.

"लाल."

"अण्णा, ठेवा हो ते तुमचं हेडमास्तर," मी म्हणालो. आवाजात चीड होती, हे मला आजही ऐकू येते. माझा कॅमेरा आणला आणि धडाधड बावीस फोटो काढले. आई पणतीत तेल घालताना, आई सुमनच्या मुलीला करंजी भरवताना, आई आणि अण्णा शेजारी शेजारी. प्रत्येक वेळी खट्, लख्ख, सर्रर्र.

भाऊबीज झाल्यावर रीळ धुवायला टाकले. आमच्या गावात तेव्हा एकच लॅब होती. तिच्या मालकाने दुसऱ्या दिवशी मला काउंटरच्या आत बोलावले आणि धुतलेली पट्टी दिव्यासमोर धरली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी, नारिंगी, काचेसारखी स्वच्छ. "मास्तर, हे कडेचे आकडे बघा," तो म्हणाला. "हे कंपनीतच उमटवलेले असतात, पण धुतल्याशिवाय दिसत नाहीत. आकडे ठळक आलेत, म्हणजे धुलाईत चूक नाही. आत उजेडच गेलेला नाही. तुमचं शटर उघडलंच नाही."

मी घरी आलो. आईने विचारले, "आले का रे फोटो?" आणि मी म्हणालो, "लॅबवाल्यानं रीळ बिघडवलं."

का म्हणालो? त्या क्षणी मला वाटले, माझ्या हट्टामुळे फोटो गेले हे तिला कळू नये. पण तिला ते कळून काय दुःख होणार होते? दुःख मला होणार होते. आई म्हणाली, "असू दे, मुद्दाम थोडंच केलं त्यानं?" संक्रांतीच्या आत ती गेली. आणि अण्णांनी, ज्यांनी चोवीस वर्षे आपले प्रत्येक रीळ त्या माणसाकडे दिले होते, त्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही.

दीड-एक वर्षाने मी दोन्ही कॅमेरे घेऊन मुंबईला गेलो. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथे एका जिन्याखालच्या टपरीत एक वृद्ध कारागीर बसत. त्यांनी आधी माझा कॅमेरा उघडला, पण त्यापूर्वी एक तार लावून आतल्या फ्लॅशची साठलेली वीज मोकळी केली. "बॅटरी काढली तरी यात तीनशे व्होल्टपर्यंत बसलेलं असतं," ते म्हणाले, "पुष्कळदा खाल्लंय मी." शटरची पाती कागदाहून पातळ. त्यांच्यावर तेलाचा ओशट थर चढून ती एकमेकींना चिकटली होती. त्यांना ओढणारे चुंबक आपले काम करीत होते, मोटर आपले करीत होती, फ्लॅश आपले. पाती हलली की नाही हे विचारणारे मात्र आत कोणीच नव्हते.

"दुरुस्त होईल का?" मी विचारले.

"पाती पुसून देईन. चालेलही. पण ही आतली पट्टी पाहा, तारांच्या ऐवजी असते ती. दुमडीवर चिरत आली आहे. ती नवी मिळत नाही. आज चालला म्हणून उद्या चालेल, असं मी सांगणार नाही. पैसे घेऊन खोटं कशाला बोलू?" आणि त्यांनी कॅमेरा बंद करून माझ्या हातात दिला. एक पैसा घेतला नाही.

मग ट्रिप घेतला. भिंगाच्या कडीतले तीन बारीक स्क्रू सैल केले, पुढचा भाग फिरवून काढला, लायटरमध्ये घालतात त्या पेट्रोलने आतली पाती धुतली, मागच्या दाराच्या खाचेतला कुजून डांबर झालेला स्पंज खरवडून नवा चिकटवला. तासाभरात कॅमेरा तयार! जाता जाता मी त्यांना पहाटेच्या लाल झेंडीची हकीकत सांगितली. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"ही कडी 'ए' वरून काढून दोन पॉइंट आठवर ठेवायची होती," ते म्हणाले. "मग झेंडी येत नाही. चाळिसाव्या भागानं शटर उघडतंच. चारशेचं रीळ असतं तर काळपट आला असता, दाणे दिसले असते. पण आई दिसली असती."

चोवीस वर्षे तो कॅमेरा घरात होता आणि ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. त्याचे 'नाही' हे आम्ही शेवटचे धरून चाललो होतो.

सुमनला मी लॅबची खरी गोष्ट पुढे सांगितली. तिने मला दोष दिला, पण कॅमेऱ्याला दिला नाही. "तुझा ट्रिप नाही म्हणून सोवळा राहिला," ती म्हणते. "काम न करणाऱ्याची चूक कशी होणार? माझ्या लग्नाचे फोटो कुणी काढले? त्या अंधाऱ्या हॉलमध्ये तुझ्या हेडमास्तरांनी छत्तीस वेळा लाल दाखवलं असतं. सात वर्षं इमानानं राबलेला नोकर एकदा आजारी पडला, तर तू त्याला लबाड ठरवतोस?" हा वाद आम्ही दर भाऊबिजेला घालतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो मी जिंकलेला नाही. नुसता नकार देण्यात मोठेसे पुण्य नाही. कचेरीत खिडकीपलीकडे बसून दिवसभर 'नाही' म्हणणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. बिघाड दोघांतही होणार. धातू झिजतो, तेल ओघळते, स्पंज कुजतो. पण एकाने मला फोटो निघण्याआधी, आई समोर बसलेली असताना सांगितले. दुसऱ्याने सांगितलेच नाही, उलट जे झाले नाही ते झाल्याचा आवाज केला. लबाडी यंत्राला येत नाही, हे मला कळते. तो आवाज ऐकून खूष होणारा मी होतो, आणि तो आवाज ज्यांनी त्यात घातला त्यांना माझ्यासारखी गिऱ्हाइके चांगली ठाऊक होती. आणि लॅबवाल्याचे नाव घेताना मी स्वतः काय केले? आत काही उघडले नव्हते. बाहेर मात्र खट् वाजले.

हल्ली पुन्हा रिळांचे वेड आले आहे. माझे जुने विद्यार्थी विचारीत येतात, "सर, तो जुना कॅमेरा विकता का?" विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या काही लहान कॅमेऱ्यांना तर सोन्याचे मोल आले आहे. सुटे भाग निघत नाहीत, तेव्हा एकाला जगवायला दुसरा फोडावा लागतो. २०२४ साली पेंटॅक्सने रिळाचा एक नवा छोटा कॅमेरा काढला. त्यात मोटर घातली नाही, रीळ अंगठ्याने ओढायची दांडी ठेवली आहे, आणि अंतरासाठी पुन्हा चित्रे. मी पाहिला नाही, नुसते वाचले. वाचून बरे वाटले.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर पुढच्याच रविवारी मी लॅबवाल्याकडे गेलो. लॅब कधीच बंद झाली. तिथे आता झेरॉक्सचे यंत्र आहे आणि तो स्वतः चष्म्याआडून आधार कार्डांच्या प्रती काढीत असतो. मी सगळे सांगितले. त्याला ते रीळ आठवेना. हजारो धुतली, म्हणाला. अण्णांचे येणे बंद झाले ते मात्र आठवत होते. "मला वाटलं, त्यांनी डिजिटल घेतला असेल," तो म्हणाला. मग जरा वेळाने, प्रतींचा गठ्ठा सारखा करीत, "आता अण्णांना सांगू नका, मास्तर. वय झालं त्यांचं. कशाला?"

ते त्याने कोणासाठी सांगितले, अण्णांसाठी की माझ्यासाठी, हे मला कळले नाही. अण्णा यंदा दिवाळीला माझ्याकडे यायचे आहेत. ट्रिपमध्ये चारशेचे रीळ भरून ठेवले आहे.